माझ्या वाट्याचंही डाबऱ्यांनी घेतलं

ज्याचा जेवढा वाटा तेवढा त्याने घ्यावा, एवढं साधं माझं म्हणणं आहे. धंद्यात मी कुणाचं फुकट घेतलं नाही आणि कुणाला फुकट दिलं नाही. भागीदार आले, गेले, त्यांच्याशी कडाक्याची भांडणं झाली, पण वाटणी चोख झाली. इनास डाबऱ्यांनी मात्र माझा वाटा मला दिला नाही. तो पैशाचा नव्हता, हीच पंचाईत आहे. पैशाचा असता तर मी केव्हाच वसूल केला असता.

डाबरे वसईचे. कतारमध्ये, दोह्यात वेस्ट बे भागातल्या एका मोठ्या हॉटेलात खरेदी खात्यात होते. मी सिन्नरहून इथे एसीचा मेकॅनिक म्हणून आलो आणि पुढे डक्टिंगची छोटी कंपनी काढली. त्या हॉटेलचं काम घ्यायला गेलो, तेव्हा टेबलापलीकडे हा माणूस बसलेला. उंच, हडकुळा, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि शर्टाला खिसा असून नसल्यासारखा, कारण त्याचं तोंड शिवून टाकलेलं. ते मला नंतर कळलं. त्या दिवशी माझं लक्ष दरावर होतं.

मी माझं नेहमीचं सगळं केलं. तांब्याचे भाव सांगितले, मजुरीचं रडगाणं गायलं, दुसऱ्या हॉटेलच्या कामाची फुशारकी मारली. डाबरे ऐकत होते. शेवटी मी हुकमी पान काढलं. खुर्ची मागे सारली, हिंदीत म्हणालो, "ठीक आहे, नाही जमत तर राहू दे," आणि दाराकडे वळलो. मागून आवाज आला, तोही मराठीत.

"बसा शेट. खरा निघालेला माणूस आधी पेन उचलतो. तुमचं इथेच आहे."

मी वळून पाहिलं. पेन टेबलावर होतं. मला राग आला आणि हसूही आलं. बसलो. त्यांनी जो दर म्हटला होता त्याच दरावर काम घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एकही पैसा वाढवून न घेता बाहेर पडलो. उठताना त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांवर पुसले, सुलटे धरले, उलटे धरले. मला वाटलं, काहीतरी नमस्काराचा प्रकार असेल. मीही हात जोडले.

तो नमस्कार नव्हता. आमच्याकडे येणं-जाणं सुरू झाल्यावर उलगडा झाला. डाबरे तरुणपणी जहाजावर नोकरीला होते. मोठी प्रवासी जहाजं असतात, त्यांच्यावर कॅसिनो असतो, तिथे ते डीलर होते. रूलेटचं चाक फिरवायचं, पत्ते वाटायचे. टेबल सोडताना हातात काही नाही हे दाखवायचं, म्हणून ते तळवे. खिशात काही जाऊ नये, म्हणून तो शिवलेला खिसा. जहाज सोडून कितीतरी वर्षं झाली होती, पण घरी जेवून उठले तरी त्यांचे तळवे उलटेसुलटे व्हायचे. नव्या शर्टाचा खिसा तर ते दुकानातून आणल्या दिवशीच शिवायचे.

सगळ्यात गंमत झाली संक्रांतीला. माझी बायको माधुरी तिळगूळ घेऊन पुढे आली. डाबरे म्हणाले, "वहिनी, टेबलावर ठेवा."

"तिळगूळ टेबलावर? हातात घ्यायचा असतो भाऊ."

"ठेवा ना. घेतो."

माधुरीचा चेहरा उतरला. तिला वाटलं, यांना आपल्या हातचं चालत नाही की काय. स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "अहो, हे काय नवीनच?" मी बाहेर जाऊन स्पष्ट विचारलं. मला पोटात ठेवता येत नाही. डाबरे ओशाळले.

"वहिनी, हातातून हातात काही घेतलं की वरच्या कॅमेऱ्याला दिसत नाही. नोट असो, चिप असो, टेबलावर पसरायची, मग उचलायची. हाताला सवय लागलीय, मी काय करू?"

आम्ही सगळ्यांनी वर छताकडे पाहिलं. तिथे फक्त माझ्याच कंपनीने बसवलेली एसीची जाळी होती. माधुरी इतकी हसली की तिळगुळाची वाटी हातातून पडायची राहिली. त्यानंतर ती त्यांना चहाचा कपसुद्धा मुद्दाम टेबलावर ठेवून म्हणायची, "घ्या भाऊ, कॅमेऱ्याला दिसला."

आमच्याशी ते शाळेच्या पुस्तकातलं मराठी बोलायचे. बायकोशी फोनवर मात्र त्यांच्या वाडीची बोली, तिच्यातलं आम्हाला निम्मंही कळायचं नाही. बायको वसईला, मुलगी परिचारिका होऊन परदेशात. शुक्रवारी सकाळी ते चर्चला जायचे आणि दुपारी जेवायला आमच्याकडे, अल रय्यानला. जुगाराचा विषय ते स्वतःहून कधी काढत नसत. कुणी विचारलं तर मात्र टाळतही नसत, आणि त्याचं कारण होतं.

विषय काढला माधुरीच्या धाकट्या भावाने. प्रसाद क्वांटिटी सर्व्हेअर, लुसैलच्या एका साइटवर बांधकामाची मापं आणि खर्च काढणारा. हुशार पोरगा, हिशेबाला पक्का. ईदच्या सुट्टीत मित्रांबरोबर जॉर्जियात बटुमीला जाऊन आला होता. इथल्या आपल्या लोकांचं ते ठरलेलंच आहे. कतारचा रहिवासी परवाना असला की तिथे व्हिसाची कटकट नाही, थंडगार समुद्र, आणि रस्त्यारस्त्यावर कॅसिनो. जेवण झाल्यावर खजूर खात प्रसाद मला त्याची युक्ती समजावत होता.

"दाजी, सोपं आहे. लालवर लावायचं. हरलो की दुप्पट. पुन्हा हरलो, पुन्हा दुप्पट. कधीतरी लाल येणारच. आला की मागचं सगळं वसूल."

मला ते पटलं. खरंच पटलं. डाबरे खजुराची बी बशीत टाकत होते. प्रसादनेच विचारलं, "काय अंकल, बरोबर ना?"

डाबऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पत्ते मागितले. अठरा लाल काढले, अठरा काळे काढले, त्यात एक जोकर टाकला. खजुराच्या बिया प्रसादपुढे सरकवल्या. पैसे नव्हते, या देशात ते चालत नाही आणि डाबऱ्यांनी माझ्या घरात चालू दिलंही नसतं.

"हे चाक समजा. एक पान काढायचं, परत ठेवायचं, पिसायचं. लावा."

प्रसाद दोनदा जिंकला, एकदा हरला, मग जिंकला, आणि त्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मग काळा आला. परत काळा. मग जोकर. मग काळा. प्रसादच्या बिया एक, दोन, चार, आठ अशा जात गेल्या. पुढच्या डावाला सोळा लागणार होत्या, त्याच्यापुढे अकरा उरल्या.

"थांबा, अजून खजूर खातो," प्रसाद म्हणाला.

"तिथे थांबत नाहीत," डाबरे म्हणाले. "आणि तुमच्याकडे पोतं भरून बिया असल्या तरी टेबलावर पाटी असते, यापेक्षा जास्त लावता येणार नाही. ती पाटी तुमच्यासाठीच लावलेली आहे."

"पण इतके काळे आल्यावर आता लाल यायला पाहिजे ना?"

"पानांना माहीत नाही, मागे काय आलं ते."

मला मात्र वेगळंच दिसत होतं. मी म्हणालो, "डाबरे, तो जोकर दुकानदाराचा."

ते माझ्याकडे वळले. त्यांच्या तोंडावर समाधान मी तेव्हाच काय ते पाहिलं. "शेट, तुम्ही धंदेवाले. तुम्हाला लवकर कळलं. सदतीस पानांत लाल अठरा. लालवर लावाल तर अठरा वेळा जिंकाल, एकोणीस वेळा हराल. दर सदतीस बियांमागे एक बी दुकानाची. कुणी ओरबाडत नाही, कुणी फसवत नाही. नफा चाकाच्या खाचेतच ठेवलेला आहे. काही ठिकाणी तर दोन खाचा असतात, तिथे बसायचंच नाही."

"आणि भाव करायचा असला तर?"

"करता येत नाही. टेबलाला राग येत नाही शेट, घाई नसते, पोरीचं लग्न नसतं. तुम्ही सौदा करणार कुणाशी?"

हे मला आवडलं नव्हतं, पण खरं होतं.

त्याच दुपारी त्यांनी एका बाईची गोष्ट सांगितली. प्रसाद निघून गेला होता, माधुरी आणि मीच होतो. जहाजावर ब्लॅकजॅकच्या टेबलाला, जिथे पानांची बेरीज एकवीसच्या वर जाऊ न देता डीलरला हरवायचं असतं, कोल्हापूरकडची एक बाई यायची. नवरा गेल्यावर मुलाने सफरीला पाठवलेलं, इंग्रजी जेमतेम, डीलर मराठी आहे हे कळल्यावर रोज याच टेबलावर. डीलरपुढे एक्का उघडा पडला की डीलरने सगळ्यांना विचारायचं असतं, विमा घेणार का. म्हणजे निम्मी रक्कम बाजूला आणखी लावायची. नाव विम्याचं, पण ती वेगळीच पैज असते, आणि साध्या खेळणाऱ्याला तोट्याचीच. बाई दर वेळी विचारायची, "भाऊ, घेऊ का?"

"मला सांगायची परवानगी नव्हती," डाबरे म्हणाले. "मी म्हणायचो, तुमची इच्छा. ती घ्यायची. पुन्हा एक्का, पुन्हा मीच विचारायचो. विचारणं माझं काम होतं. ती मला भाऊ म्हणायची आणि मी तिला दर वेळी तोट्याचा माल दाखवायचो."

"मग?" माधुरीने विचारलं.

"मग काही नाही. सफर संपली. उतरताना मला भेटायला आली, म्हणाली, तुमच्यामुळे करमलं. करार संपल्यावर मी परत गेलो नाही. आता कुणी विचारलं, घेऊ का, तर मी सांगतो. विचारलं तर."

माधुरीने त्यांच्यापुढे आणखी खजूर ठेवले. टेबलावर.

पुढची ईद आली. यावेळी आम्ही तिघं बटुमीला जाणार होतो आणि मी डाबऱ्यांना ओढत होतो. प्रसाद तिथे खेळणार हे मला माहीत होतं. माझं म्हणणं होतं, नाही म्हटल्याने तरुण पोरगा थांबत नाही. मग निदान नीट खेळायला शिकव. डाबऱ्यांचं उत्तर ठाम होतं.

"त्याला लांब ठेवा. शिकवू नका."

"डाबरे, शिकलेला माणूस फसत नाही."

"शिकलेला माणूस जास्त वेळ बसतो, शेट."

मी ते सोडलं नाही. मी कुठलीच गोष्ट सोडत नाही. दर शुक्रवारी तेच बोलणं. एकदा प्रेमाने, एकदा रागाने. शेवटी मी त्या कोल्हापूरच्या बाईचं नाव काढलं. म्हणालो, "उद्या हा पोरगा कुणाच्या तरी टेबलावर बसून विचारेल, घेऊ का, आणि समोरचा म्हणेल, तुमची इच्छा. मग तुमच्या सांगण्याचा उपयोग काय?"

सौद्यात समोरच्याची दुखरी जागा कुठे आहे ते मला लगेच दिसतं. डाबऱ्यांनी चहाचा कप टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "पाठवा त्याला."

त्यांनी मनापासून शिकवलं. डीलरचं पान पाच-सहा असेल तर आपल्या बारावरही नवं पान न घेता गप्प बसायचं. डीलरचा दहा आणि आपले सोळा, तर मन घाबरेल, तरी पान घ्यायचं. विमा कधीही नाही. बॅकरा नावाच्या पत्त्यांच्या खेळात बरोबरीवर लावायचं नाही, तिथे शंभरातले चौदा दुकानाचे. नीट खेळलं तर ब्लॅकजॅकमध्ये दुकानाला शंभराला जेमतेम अर्धा सुटतो. आणि मुख्य म्हणजे, जे पैसे घेऊन जाल ते सिनेमाचं तिकीट समजायचं. खिशात तेवढंच. कार्ड हॉटेलच्या तिजोरीत. वेळ संपली की उठायचं, जिंकत असाल तरी. हरल्यावर रक्कम वाढवायची नाही.

बटुमीत प्रसाद अगदी तसाच खेळला. डाबरे त्याच्या मागे उभे, खुर्चीला हातसुद्धा न लावता. ठरलेल्या वेळी पोरगा उठला, थोडे जास्तच पैसे घेऊन. माधुरीने डाबऱ्यांना म्हटलं, "भाऊ, तुम्ही होतात म्हणून." डाबऱ्यांनी मान हलवली, पण हसले नाहीत.

माझं मात्र तिकडे वेगळंच चाललं होतं. रूलेटवर माझे बरेच गेले होते. मी मॅनेजरला गाठलं आणि माझं नेहमीचं सुरू केलं, की सेवा बरोबर नाही, समोरचा कॅसिनो जेवण देतो, आम्ही चार माणसं आहोत, निघतो. तो जॉर्जियन हसला आणि चौघांचं जेवण फुकट लिहून दिलं. मी विजयी मुद्रेने परत आलो.

"बघा डाबरे. म्हणे सौदा होत नाही!"

"कशाबद्दल दिलं?"

"माझ्या तोंडाबद्दल!"

"शेट, तुम्ही जे त्या चाकावर ठेवून आलात त्यात अशी किती जेवणं झाली असती? त्यांनी तुमच्यातलंच तुम्हाला वाढलं. खा, मटण चांगलं आहे."

प्रसाद खो खो हसला. माधुरीने पदर तोंडाला लावला. मी रात्रीपर्यंत डाबऱ्यांशी बोललो नाही. मटण मात्र खाल्लं.

परत आल्यावर दिवस बरे गेले. नाशिकला प्रसादसाठी मुलगी पाहिली, पसंत पडली, साखरपुडा ठरला. माधुरी अत्तरं, खजुराचे डबे, मुलीसाठी साडी असं आणत होती. आम्ही दोघं आधी जाणार होतो, पण माझं काम अडकलं, म्हणून प्रसाद पुढे निघाला. मी त्याला विमानतळावर सोडलं आणि साइटवर गेलो. थोड्या वेळाने फोन आला.

"दाजी, मला सोडत नाहीयेत."

"कोण सोडत नाही? आवाज चढव जरा, मी आहे."

"दाजी, बँकेची केस आहे माझ्यावर. प्रवासबंदी आहे."

मी पुन्हा विमानतळावर पोचलो तेव्हा तो साडीची पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसला होता. गाडीत त्याने सगळं सांगितलं. बटुमीहून आल्यावर फोनवर खेळायला लागला होता, चोरवाटेने, जे इथे गुन्हा आहे. आधी पगारातून, मग बँकेचं कर्ज काढून, मग हप्ते थकले. पत्त्यांचा नियम एकही मोडला नव्हता, असं तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता. विमा घेतला नाही. बरोबरीवर लावलं नाही. बारावर गप्प बसायचं तिथे बसला. "दाजी, फक्त अर्धा टक्का होता!"

मी डाबऱ्यांना फोन करून ओरडलो, "आत्ताच्या आत्ता या." ते हॉटेलच्या कपड्यांतच मेट्रोने आले. दिवाणखान्यात प्रसाद खाली मान घालून बसला होता, माधुरी त्याच्यासमोर उभी. डाबरे त्याच्याजवळ गेले आणि त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"किती टेबलं?"

"फोनवर एका वेळी चार," प्रसाद म्हणाला. "कधी सहा."

डाबरे खाली बसले. सोफ्यावर नाही, गालिच्यावर. कुणाशी तरी बोलल्यासारखं म्हणाले, "मी टक्के सांगितले. वेग सांगितला नाही. आमच्या टेबलावर पत्ते पिसायला वेळ जायचा, माणसं बोलायची, सिगारेट पेटवायची. मला वाटलं, सगळीकडे तसंच. अर्धा टक्का, पण किती वेळा, ते सांगायला पाहिजे होतं. लावलेल्या प्रत्येक रकमेतून अर्धा टक्का जातो, पुन्हा लावली की पुन्हा जातो. हे मी सांगितलं नाही."

माधुरी त्यांच्याकडे बघत होती. ती कधी आवाज चढवत नाही, तो माझा प्रांत. अगदी हळू म्हणाली, "भाऊ, याला हे सगळं तुम्ही शिकवलंत?"

"हो वहिनी."

"का?"

इथे माझी पाळी होती. मी खिडकीशी उभा होतो. डाबऱ्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं.

"चूक माझी," ते म्हणाले. "मीच शिकवलं."

"माझ्या घरात बसून, माझ्या हातचं जेवून," माधुरी म्हणाली, आणि तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली. डाबरे उठले. जाताना त्यांनी चपला हातात घेतल्या आणि बाहेर जाऊन घातल्या.

बँकेशी मी भिडलो. तिथे मात्र माझं तोंड कामाला आलं; सवलत काढली, उरलेलं भरलं, बंदी उठली. तोवर साखरपुड्याचा दिवस निघून गेला होता. मुलीकडच्यांनी नवीन तारीख मागितली नाही. आम्हीही विचारलं नाही. ती साडी अजून कपाटात आहे, माधुरी ती कुणाला देतही नाही.

मी डाबऱ्यांना गाठलं, हॉटेलच्या मागे, कडक चहाच्या टपरीवर. राग माझ्या डोक्यात होताच, फक्त तो कुणावर आहे ते मला नीट ठरवता येत नव्हतं.

"तुम्ही असं का केलंत? अर्धं माझं होतं. मी मागे लागलो म्हणून तुम्ही शिकवलंत. अर्धं नाही, पाऊण माझं."

"मग द्या वहिनींना."

"तुम्ही सांगितलं असतं तर मी मान्य केलं असतं!"

"शेट, तुमचं देणं तुम्ही द्यायचं. मी काय मधला दलाल आहे?"

"तुम्ही मला ओशाळं करून ठेवलंत. न विचारता! हा कुठला व्यवहार?"

टपरीवरची मल्याळी माणसं वळून बघायला लागली. डाबरे म्हणाले, "चहा घ्या, निवतोय." मी चहा तसाच टाकून निघालो. त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत आणि मी गेलो नाही. शुक्रवारी जेवताना त्यांची खुर्ची रिकामी असायची. माधुरी तिकडे बघून म्हणायची, "माणूस असा निघेल असं वाटलं नव्हतं." मी भात कालवत राहायचो. सांगायचं होतं. पण दर आठवड्याला ते थोडं जड होत जायचं. व्याजावर व्याज कसं चढतं ते मला कुणी शिकवायला नको, तरी मी पुढच्या शुक्रवारचा वायदा करायचो.

असेच महिने गेले. मग डाबरे निवृत्त होऊन कायमचे वसईला निघाल्याचं कानावर आलं. ते मला प्रसादने सांगितलं नाही, त्याने बहिणीला सांगितलं, आणि सांगताना रडला. कारण मला माहीत नव्हतं असं बरंच काही होतं. दर गुरुवारी संध्याकाळी डाबरे त्याला कॉर्निशवर भेटत होते. समुद्राच्या कडेने दोघं चालायचे, त्या आठवड्यात फोन हातात घ्यावासा कधी वाटला ते प्रसाद सांगायचा, ते ऐकायचे. उपदेश नाही. त्या पोराने पुन्हा जुगाराला हात लावला नाही तो माझ्या दरडावण्याने, असं मी समजत होतो.

"आणि तू इतके दिवस बोलला नाहीस?" माधुरीने त्याला विचारलं.

"ताई, अंकलनी शपथ घातली होती. ते शिकवायला तयारच नव्हते. दाजी त्यांच्या मागे लागले होते."

मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा माधुरी दारातच उभी होती. मला वाटलं, आता भडका. तो झाला नाही. म्हणाली, "उद्या सकाळी गाडी काढा. चर्चला जायचंय."

इथली सगळी चर्चं शहराबाहेर एकाच आवारात आहेत. शुक्रवारी तिथे गाड्यांचा समुद्र असतो. धुळीत कशाही लावलेल्या, केरळची माणसं, गोव्याची, फिलिपिनो, कडेवर पोरं घेतलेली. सकाळी आम्ही तिथे पोचलो. वाटेत मी दोनदा घसा साफ केला, दोनदा तिने काचेबाहेर पाहिलं. फाटकाशी ती उतरली. मी म्हणालो, "मी गाडी लावून येतो."

गाडी लावायला जागा होती. मी लावली आणि बसून राहिलो. एसी चालू होता.

प्रार्थना सुटली तशी गर्दी बाहेर लोटली. डाबरे उंच, त्यामुळे लांबूनही दिसले. माधुरी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. काय बोलली ऐकू आलं नाही, पण तिने हात जोडले आणि डाबरे गडबडून मागे सरकले. मग दोघं बराच वेळ उन्हात उभी होती. ती डोळे पुसत होती, ते काहीतरी समजावत होते. एकदा तिने माझ्या गाडीच्या दिशेने बोट केलं. मी खाली वाकून रेडिओशी चाळा केला.

ती परत आली, पट्टा लावला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"मी विचारलं, सगळं स्वतःवर का घेतलंत. म्हणाले, वहिनी, टेबलावर चूक झाली की पत्ते वाटणारा हात वर करतो आणि सांगतो, माझ्याकडून झाली. कुणाकडून झाली ते वरचे बघून घेतात. खेळणाऱ्याकडे बोट दाखवायचं नसतं, तो आधीच हरत असतो."

"म्हणजे मी खेळणारा?" माझा आवाज चढला. "मी? जन्मभर दुकानाच्या बाजूला बसलोय मी!"

 मी काच खाली केली, गरम हवा आत आली. डाबरे हॉटेलच्या बसकडे चालले होते. मी हॉर्न वाजवला, जोरात, दोनदा. ते थांबले, वळले, कपाळावर हात धरून आमच्या दिशेने पाहू लागले. उन्हात सगळ्या गाड्या सारख्याच चमकत असणार, माझी कुठली ते त्यांना कळलं नाही. उतरून चार पावलं गेलो असतो तर कळली असती. माझा हात दाराच्या कडीवर होता.

डाबऱ्यांनी हात वर केला आणि डावीकडून उजवीकडे, सगळ्याच गाड्यांना, सावकाश हलवला. मग वाकून बसमध्ये चढले.